ब्लॉकचेन : गाळप किती आणि वह्या किती?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत एक तरुण सभासद उठून उभा राहिला आणि त्याने विचारले, "काट्याच्या पावत्या ब्लॉकचेनवर कधी टाकणार?" मंडपात हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "आधी बिलं टाका खात्यावर, चेनचं मग बघू!" अध्यक्षांनी "अभ्यास करून सांगू" असे उत्तर दिले आणि सभा आभारप्रदर्शनाकडे वळली.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वर्षभर राबून आणलेला ऊस काट्यावर एकदा चढतो आणि हातात पडते ती एक चिठ्ठी. पुढचे सारे बिल त्या आकड्यावर. त्या आकड्याची वही कारखान्याच्या हातात असते, आणि वही ज्याच्या हाती त्याच्याविषयी कुजबुज होणारच. ती खरी की खोटी हा वेगळा प्रश्न. ती बंद करता येईल अशी सोय मिळाली तर कारखान्यालाही हवीच आहे.

पुढे महिनाभरात दोन कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन गेले. पहिला म्हणाला, "आमच्या जाळ्यावर सेकंदाला हजारो नोंदी होतात." दुसरा म्हणाला, "आमच्या वहीत कोणाला खाडाखोड करता येत नाही, कारण ती हजारो लोकांकडे आहे." पहिल्याने वही किती जणांकडे आहे ते सांगितले नाही, दुसऱ्याने वेग किती ते सांगितले नाही. आम्ही दोघांनाही चहा पाजून निरोप दिला आणि ठरवले की माहितगार माणसाला विचारल्याशिवाय या पत्रिकेत एक ओळही लिहायची नाही.

पालेगावची भेट

आपल्या एका सभासदाचा मुलगा अंबरनाथजवळ पालेगावात राहतो. संगणकाची नोकरी आहे आणि या विषयात त्याने काम केलेले आहे. कारखान्याच्या कामानिमित्त मुंबईस जाणे होतेच, परतताना आम्ही अंबरनाथला उतरलो. पाले आता नावापुरतेच गाव उरले आहे. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला मजल्यावर मजले चढलेल्या इमारती. पोराने स्टेशनवर येऊन आम्हांस नेले, पण घरी न नेता आधी शिवमंदिरात नेले. आम्हांस वाटले, दर्शनाला नेतोय.

"दर्शन घ्याच काका, पण एक सांगायचंय," तो म्हणाला. "या देवळात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. साडेनऊशे वर्षं झाली, कोणाला त्यातलं अक्षर बदलता आलेलं नाही."

"म्हणजे हीच ब्लॉकचेन?" आम्ही विचारले.

"नाही. दगड बदलत नाही, पण दगडावर मावतं किती? दहा ओळी लिहायला पाथरवटाला किती दिवस लागतील? आणि प्रत एकच. शिलाहारांचेच ताम्रपट घ्या. तांब्याचे दोन-तीन पत्रे, भोकातून एक कडी ओवलेली आणि कडीवर गरुडाची मुद्रा. मधला पत्रा काढून दुसरा घालायचा तर कडी तोडावी लागेल, मुद्रा मोडेल. ब्लॉकचेनची कल्पना ह्याच्या जवळची आहे."

घरी गेल्यावर सूनबाईंनी चहा ठेवला आणि पोराने कागद-पेन्सिल घेऊन समजावले. ते आमच्या भाषेत मांडतो.

व्यवहारांची एक वही आहे. वहीचे एक पान भरले की त्या पानावरच्या मजकुराचा एक ठसा काढतात. अंगठ्याचा ठसा माणसागणिक वेगळा, तसा हा ठसा मजकुरागणिक वेगळा. मजकूर एक ओळीचा असो वा हजार पानांचा, नेहमीच्या पद्धतीने ठसा येतो चौसष्ट अक्षरांचा. मजकुरात एका टनाचा अर्धा टन केला तरी ठसा पार बदलतो. या पानाचा ठसा पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहितात, त्याचा त्याच्या पुढच्या. मागले एखादे पान बदलले की पुढची सगळी पाने चुकतात. ताम्रपटाची कडी ती हीच. आणि अशा वहीच्या प्रती एका कचेरीत न ठेवता अनेक ठिकाणच्या संगणकांवर ठेवतात. एकाने आपली प्रत बदलली तरी बाकीच्यांच्या प्रती त्याला खोटे पाडतात.

इथपर्यंत सगळे छान आहे. भांडण पुढे आहे.

जाळ्याची गाळप क्षमता

आपल्याकडे कारखाना मोठा की लहान हे दैनंदिन गाळप क्षमतेवरून सांगतात. साडेबाराशे टनांचा कारखाना अडीच हजारांवर नेला की आपण पेढे वाटतो. ब्लॉकचेनच्या जाळ्यालाही गाळप क्षमता असते, सेकंदाला किती नोंदी होतात ती. दुसरे मोजमाप म्हणजे विकेंद्रीकरण. वही किती जणांकडे आहे, नवीन पान लिहिण्याचा अधिकार किती जणांना आहे आणि ते एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत.

पहिले जाळे बिटकॉइनचे. सातोशी नाकामोटो या टोपणनावाने २००८च्या ऑक्टोबरात त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ला वहीचे पहिले पान लिहिले गेले. साधारण दर दहा मिनिटांनी एक पान. त्या पानाचा आकार पुढे एक मेगाबाइटवर बांधला गेला. हिशेब केला तर सेकंदाला फार तर सात नोंदी. आता शेजारी आपल्या ओळखीचे युपीआय ठेवा. ऑगस्ट २०२५मध्ये त्यावर महिन्याला दोन हजार कोटींवर व्यवहार झाले, म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे साडेसात हजार. पण युपीआयची वही बँकांची आणि एका मध्यवर्ती संस्थेची आहे. ती तुमच्या-आमच्या घरी नसते.

गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागली की काय होते हे सभासदांना सांगायला नको. ज्याला घाई तो दोन पैसे जास्त मोजून पुढे सरकायला बघतो. बिटकॉइनच्या जाळ्यावरही तेच. पानावर जागा थोडी, नोंदी फार. मग जो जास्त शुल्क देईल त्याची नोंद आधी. फरक एवढाच की तिथे हा व्यवहार उघड्यावर चालतो.

मग पान मोठे का करत नाहीत?

आम्हीही हेच विचारले. "अरे, गव्हाण रुंद करा, मिलची एक टँडम वाढवा, संपली कटकट!"

पोरगे हसले. "याच एका प्रश्नावर २०१५पासून दोन वर्षं जगभर भांडण चाललं होतं काका."

हिशेब असा. दर दहा मिनिटांना एक मेगाबाइट म्हटले तर वर्षाला वही सुमारे बावन्न गीगाबाइटने वाढते. २००९पासूनची सगळी वही आज सहाशे गीगाबाइटच्या वर गेली आहे. म्हणजे आजही घरच्या साध्या संगणकात ती मावते आणि हौशी माणूस स्वतः सगळी वही तपासू शकतो. पान शंभरपट मोठे केले तर वर्षाला पाच हजार गीगाबाइटवर वाढ होईल. मग घरचा संगणक संपला. वही राहील ती मोठ्या कंपन्यांच्या यंत्रशाळांत. वेग वाढला, पण तपासणारे डोळे कमी झाले.

शेवटी १ ऑगस्ट २०१७ला वाटणी झाली. मोठे पान हवे असणाऱ्यांनी आठ मेगाबाइटचे पान घेऊन 'बिटकॉइन कॅश' नावाची वेगळी चूल मांडली. मूळ जाळ्याने पानावरच्या मजकुराची मांडणी सुधारून थोडी जागा काढली, पण वही लहान माणसाच्या आवाक्यात राहिली पाहिजे हे धोरण सोडले नाही.

या हट्टाचा उपयोग २०२१मध्ये दिसला. त्या वर्षी चीनने बिटकॉइनची पाने लिहिण्याच्या उद्योगावर बंदी घातली. जगातल्या अशा यंत्रांपैकी निम्म्याच्या आसपास यंत्रे थोड्याच आठवड्यांत बंद पडली. पाने काही काळ सावकाश लिहिली गेली. वही मात्र थांबली नाही आणि कोणाची नोंद हरवली नाही.

तरी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वही तपासणारे हजारो असले तरी पाने लिहिणारे लोक गट करून काम करतात आणि आज दोन-तीन मोठे गट मिळून निम्म्याहून अधिक काम करतात. २०१४च्या जूनमध्ये तर एकाच गटाचा वाटा निम्म्यावर टेकला होता. सभासदांनी बोंब मारली, बरेच जण गट सोडून गेले, तेव्हा तो खाली आला. विकेंद्रीकरण घटनेत लिहून भागत नाही. ते राखावे लागते. सहकाराला हे नव्याने सांगायला नको.

एक सभासद एक मत का नाही?

दुसरे मोठे जाळे इथिरियमचे. ३० जुलै २०१५ला सुरू झाले. यात पैशाच्या नोंदीबरोबर करारही लिहिता येतात. "अमुक झाले की तमुक रक्कम द्यावी" असा करार जाळे स्वतः पाळते. याचीही क्षमता बेताचीच, सेकंदाला पंधरा ते तीसच्या दरम्यान. डिसेंबर २०१७मध्ये मांजरांच्या चित्रांचा एक खेळ त्यावर इतका चालला की सारे जाळे तुंबले. पुढे २०२१मध्ये तर गर्दीच्या दिवसांत एकेका नोंदीला हजारो रुपये शुल्क पडले. इतक्या पैशात उसाची एक खेप तोडून होते!

येथे आम्ही सहकाराच्या सवयीने विचारले, "पान कोणी लिहायचं ते मतदानाने का ठरवत नाहीत? आपल्या १९६०च्या सहकारी कायद्यात आहे तसं. एक शेअर असो वा शंभर, सभासदाला मत एकच."

उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. "काका, जाळ्यावर माणूस ओळखता येत नाही. एकच माणूस एका रात्रीत दहा हजार बोगस सभासद उभे करील."

बोगस सभासद काय करतात हे ज्याने कारखान्याची निवडणूक पाहिली त्याला ठाऊक आहे. म्हणून बिटकॉइनने मत वीज जाळण्याशी बांधले. अवघड गणित सोडवण्यात ज्याची जास्त यंत्रे राबतील त्याला पान लिहिण्याची जास्त संधी. बोगस नावे पैदा करता येतात, बोगस वीज पैदा करता येत नाही. इथिरियमनेही आधी हीच पद्धत ठेवली होती. १५ सप्टेंबर २०२२ला ती सोडून त्यांनी अनामतीची पद्धत घेतली. किमान ३२ ईथर अनामत ठेवा, पाने तपासा, लिहा. लबाडी केली तर अनामतीवर टाच. विजेचा खर्च यामुळे ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

आज त्या जाळ्यावर राखणदारांची संख्या दहा लाखांच्या घरात सांगतात. पण ३२ ईथर म्हणजे लाखो रुपये, आणि एकच संस्था हजारो राखणदार चालवू शकते. थोडक्यात हे भागभांडवलाच्या प्रमाणात मत झाले, खाजगी कंपनीत असते तसे. सहकाराचे 'एक माणूस एक मत' हे तत्त्व कोणत्याही मोठ्या जाळ्याला अजून साधलेले नाही. आपण ते कायद्याने आणि सभासद नोंदवहीने साधतो, म्हणून आपली सभासद नोंदवही स्वच्छ राहणे किती मोलाचे आहे ते ध्यानात घ्यावे.

वेगवान जाळी आणि त्यांचे अपघात

आता 'सेकंदाला हजारो' म्हणणाऱ्यांकडे येऊ. ते खोटे बोलत नाहीत. त्यांनी वह्या कमी केल्या किंवा वही राखणाऱ्याचे यंत्र महाग केले, एवढेच.

सोलाना हे जाळे मार्च २०२०मध्ये सुरू झाले. एका सेकंदात दोन पाने लिहून होतात आणि शुल्क काही पैशांत. मात्र राखणदाराला मोठ्या स्मृतीचे महागडे यंत्र लागते, घरचा संगणक चालत नाही. सप्टेंबर २०२१मध्ये नोंदींचा असा लोंढा आला की जाळे सुमारे सतरा तास बंद राहिले. फेब्रुवारी २०२४मध्ये पुन्हा पाचेक तास बंद पडले. दोन्ही वेळा राखणदारांनी आपापसांत बोलणी करून ते चालू केले. कारखाना ब्रेकडाउनवर जातो तसेच, पण इथे सगळ्यांचीच गव्हाण एकदम बंद.

बायनान्स कंपनीशी संबंध असलेल्या बीएनबी जाळ्यावर २०२२मध्ये पाने लिहिणारे जेमतेम दोन-तीन डझन होते. त्या ऑक्टोबरात चोरट्यांनी एका फटीतून वीस लाख नाणी काढली, किंमत पन्नास कोटी डॉलरच्या वर. तेव्हा राखणदारांनी एकमेकांना निरोप देऊन अख्खे जाळेच थांबवले आणि बराच माल वाचवला. चांगले झाले म्हणावे, पण चोरासाठी जे थांबवता येते ते कोणासाठीही थांबवता येते, हेही त्याच दिवशी कळले.

तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. रोनिन नावाचे एका खेळासाठी काढलेले जाळे. राखणदार नऊ, त्यातल्या पाचांची सही झाली की पैसे हलणार. मार्च २०२२मध्ये चोरट्यांनी पाच किल्ल्या मिळवल्या आणि साठ कोटी डॉलरच्या वर रक्कम नेली. सहा दिवस कोणाला पत्ता नव्हता. नऊ किल्ल्यांपैकी चार एकाच कंपनीकडे होत्या. नावाला नऊ, खरे पाहता दोन-तीन हात.

इथिरियमचे जनक विटालिक ब्युटेरिन यांनी याला तिहेरी पेच म्हटले आहे. क्षमता, सुरक्षितता आणि विकेंद्रीकरण या तिन्ही गोष्टी एका साध्या जाळ्यात एकदम पूर्ण मिळत नाहीत. दोन धरल्या की तिसरी सुटते. बैलगाडीला ट्रकचा वेग मागू नये आणि ट्रकला बांधावरून जायला सांगू नये.

महाराष्ट्राने काय केले?

हे सारे परदेशातले झाले. आपल्या राज्यातही प्रयोग झाले आहेत. २०२१मध्ये महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांची पडताळणी इथिरियमवर करण्याचे काम हाती घेतले. २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या उपविभागीय कार्यालयाने ६५,००० जातीचे दाखले ब्लॉकचेनशी जोडले. त्यासाठी निवडलेले जाळे पॉलिगॉन. दाखल्यावर एक चौकोनी संकेतचित्र असते, ते फोनने टिपले की दाखला खरा की बनावट ते कळते. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा जातात, म्हणून या कामाचे मोल मोठे.

पॉलिगॉनची गोष्ट आपल्या जवळची. २०१७मध्ये मुंबईत 'मॅटिक' नावाने जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी ते सुरू केले. त्यांनी पेच सोडवण्यासाठी मजले बांधले. रोजच्या नोंदी सुमारे शंभर राखणदारांच्या वेगवान जाळ्यावर होतात, दोनेक सेकंदांत पान तयार आणि शुल्क नगण्य. ठरावीक वेळाने या सगळ्या पानांचा एकच ठसा काढून तो खालच्या जुन्या, सावकाश पण रुंद पायाच्या इथिरियमवर ठेवतात. तरी शंभर राखणदार म्हणजे शंभरच. मार्च २०२२मध्ये एका सुधारणेच्या वेळी हे जाळेही काही तास अडखळून बंद पडले होते.

ही मजल्यांची पद्धत आता सगळीकडे रुळते आहे. मार्च २०२४मध्ये इथिरियमने वरच्या मजल्यांच्या ठशांसाठी वेगळी स्वस्त जागा काढली, तेव्हापासून वरच्या मजल्यांवरचे शुल्क पुष्कळ उतरले. पण वरच्या मजल्यांपैकी बहुतेकांत नोंदी रांगेत लावण्याचे काम अजून एकाच कंपनीच्या यंत्राकडे आहे. पाया हजारोंचा आणि दार एकाच्या हातात, हे लक्षात ठेवावे.

आपल्या काट्याचा हिशेब

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. पालेगावात चहाचा दुसरा कप आला तेव्हा पोराने आम्हांस उलट विचारले, "काका, आपल्या काट्यावर दिवसाला खेपा किती?"

ऐन हंगामात बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक मिळून सहाशेच्या आसपास, असे आम्ही सांगितले.

"म्हणजे अडीच मिनिटांला एक पावती. तुम्हाला सेकंदाला हजार नोंदींचं जाळं कशाला हवं?"

आम्ही कपाळावर हात मारला. सर्वांत सावकाश म्हणून नावे ठेवलेले बिटकॉइनचे जाळेसुद्धा सेकंदाला सातच्या हिशेबाने दिवसाला सहा लाख नोंदी करते. क्षमतेचे जे कौतुक आम्ही ऐकून घेतले ते आपल्या कामाचेच नव्हते. आपल्याला घाई नाही. आपल्याला भरवसा हवा आहे.

आणखी एक युक्ती त्याने दाखवली. सहाशे पावत्या सहाशे वेळा नोंदवायची गरजच नाही. प्रत्येक पावतीचा ठसा काढायचा. दोन-दोन ठसे जोडून त्यांचा एक ठसा, मग त्या ठशांच्या जोड्या, असे करत रात्री बारा वाजता दिवसाच्या सर्व पावत्यांचा मिळून एकच ठसा उरतो. रॅल्फ मर्कल नावाच्या शास्त्रज्ञाने १९७९मध्ये काढलेली ही रीत. तो एकच ठसा जाळ्यावर ठेवायचा. सभासदाला आपली पावती त्या दिवसाच्या ठशात आहे हे पटवायला जोडीचे फक्त दहा ठसे पुरतात, आणि ते काम फोन क्षणात करतो. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर वर्षाला नोंदी दीडशे. इतक्या थोड्या नोंदींसाठी शुल्क जास्त असलेले पण जास्तीत जास्त वह्यांचे जाळे घेतले तरी परवडते.

म्हणजे वेग आपला आपल्या संगणकात ठेवावा आणि साक्ष मात्र मोठ्या पंचायतीत ठेवावी. चिटबॉयची वही शेतात, गट ऑफिसचे रजिस्टर गावात आणि अहवाल सर्वसाधारण सभेत, हे आपण वर्षानुवर्षे करत आलोच आहोत.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली. ब्लॉकचेन काट्याखाली वाकून बघत नाही. काटाच मारला असेल तर खोटा आकडा कायमचा पक्का होईल, इतकेच. काट्याची तपासणी, वजनमापे खात्याची मोहर आणि बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याची मुभा यांना पर्याय नाही. ब्लॉकचेनने एवढेच कळेल की दुपारी लिहिलेला आकडा रात्री कोणी बदलला नाही. पण एवढेही थोडे नाही.

दुसरी. नाव, आधार क्रमांक, बँक खाते यांतले काहीही उघड्या जाळ्यावर टाकू नये. तिथे लिहिलेले पुसता येत नाही. फक्त ठसा टाकावा.

तिसरी. काही कंपन्या 'खाजगी ब्लॉकचेन' देऊ करतात. तीन संगणक, तिन्ही कारखान्याच्याच कचेरीत. त्या तीन वह्या एकाच कपाटात ठेवल्यासारख्या आहेत, आणि कपाटाची किल्ली एकाच खिशात. अशा जाळ्याचा एक संगणक जिल्हा बँकेत, एक साखर खात्याकडे, एक सभासदांनी निवडलेल्या समितीकडे असेल तरच त्याला अर्थ आहे.

जाता जाता हेही सांगतो की या लेखाचा आणि नाणी विकत घेण्याचा काहीएक संबंध नाही. 'गेनबिटकॉइन' योजनेत दामदुपटीच्या आशेने आपल्या राज्यातल्या कित्येकांनी पैसे घालवले, पुणे पोलिसांनी २०१८मध्ये सूत्रधारास पकडले तेव्हा पुष्कळांचे डोळे उघडले. वहीची रीत शिकावी, जुगार शिकू नये.

सभासदांनी विचारावयाचे प्रश्न

उद्या कोणतीही कंपनी कारखान्यात किंवा तुमच्या सोसायटीत असे काही घेऊन आली तर पुढील प्रश्न विचारावेत.

१. वही किती जणांकडे आहे, आणि ते जण एकमेकांचे कोण लागतात?

२. किती जण संगनमताने वही थांबवू किंवा फिरवू शकतात? नवांपैकी पाच की हजारोंपैकी निम्मे?

३. साध्या सभासदाला कोणाच्या परवानगीशिवाय आपली नोंद तपासता येते काय?

४. तुमची कंपनी उद्या बंद पडली तर नोंद वाचता येईल काय?

५. आमच्या कामाला वेग खरोखर किती लागतो, आणि त्या वेगासाठी किती वह्या कमी केल्या आहेत?

पाचवा प्रश्न शेवटी लिहिला असला तरी आधी तोच विचारावा. वेगाची किंमत वह्यांच्या संख्येत मोजली जाते, हे एवढे ध्यानात राहिले तरी पालेगावची फेरी सार्थकी लागली असे आम्ही समजू.

निघताना पोरगे स्टेशनपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "काका, जाळं कोणतंही घ्या, पण आमच्या आबांना त्यांच्या फोनवर स्वतः पावती तपासता आली पाहिजे. ते जमलं नाही तर तो नुसता देखावा." त्याचे आबा आपले जुने सभासद, अजून खिशात पावत्यांचा गठ्ठा रबर लावून ठेवतात. ही कसोटी आम्हांस पटली, आणि ती संचालक मंडळासमोर ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे.

या विषयावर सभासदांनी आपले मत पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी आपापल्या गट ऑफिसात लेखी द्यावे. शंका असल्या तरी लिहाव्यात, विरोध असला तरी लिहावा. निवडक पत्रे या पत्रिकेत छापू. तोपर्यंत आपली काट्याची चिठ्ठी जपून ठेवावी, आणि गाडी काट्यावर चढली की आकड्याकडे आपण स्वतः बघावे.